पाणी कुठवर चढतं?

पाणी उताराकडे धावतं, हे मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. अंगणात लवंडलेली बादली ते शिकवते, पागोळ्या शिकवतात, ओढ्यात सोडलेली कागदाची होडी शिकवते. पाणी वरही चढतं, आणि आपलं बरंचसं जगणं या वर चढणाऱ्या पाण्यावर चाललेलं आहे, हे मात्र सहसा कुणी दाखवत नाही. म्हणूनच कापडाच्या पट्टीवरून पाणी चढवण्याचा तो साधा घरगुती प्रयोग मला फार मोलाचा वाटतो.

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत तो हल्ली सगळीकडे दिसतो. तीन पेले ओळीने मांडायचे. कडेच्या दोघांत लाल आणि पिवळं पाणी, मधला रिकामा. टिश्यू पेपरच्या घड्यांचे पूल टाकले की काही वेळाने मधल्या पेल्यात केशरी पाणी साचू लागतं. मुलं हरखतात आणि हरखावं असंच ते आहे. पण रंग जमला की प्रयोग संपतो, याची मला हळहळ वाटते. ‘पाणी का चढतं?’ असं विचारलं की पाठ केलेलं उत्तर येतं: केशाकर्षण. त्या एका शब्दाने दार लागतं. मला वाटतं, मुलांना दुसरंच काही विचारावं. चढणारं पाणी थांबतं कुठे? आणि तिथेच का थांबतं?

दिवाळीच्या सुट्टीत भाचरं गावी येतात. गाव मंगळवेढ्याच्या बाजूला, माझं माहेर. ओसरीवर कपडे वाळत घालायची दोरी आहे. तिला चिमट्यांनी पट्ट्या लटकवल्या: आबांच्या जुन्या धोतराची, कोऱ्या मांजरपाटाची, वर्तमानपत्राची, नायलॉनच्या पिशवीची. सगळ्यांची टोकं खाली परातीत, शाई घातलेल्या पाण्यात. भाचीच्या हातात पेन्सिल आणि घड्याळ. ठरावीक वेळाने पाणी जिथवर आलं असेल तिथे रेघ मारायची, एवढंच काम.

धोतराच्या पट्टीने झेप घेतली. कोरा मांजरपाट जागचा हलेना. मुलांना ते फार विचित्र वाटलं. दोन्ही सुती, मग असं का? कापसाच्या तंतूवर मुळात मेणासारखा थर असतो. न धुतलेल्या कोऱ्या कापडात तो शिल्लक असतो, वर खळही असते. धोतर वर्षानुवर्षं धुतलेलं, त्याचा तंतू उघडा पडलेला. मग दिवाळीच होती म्हणून वातीचा कापूस पुढे आला. शेतातून आलेल्या, सरकी काढलेल्या कापसाची वात पाण्यात टाकली तर ती नुसती तरंगत राहिली. तेलात टाकली तर भरभर प्यायली. धाकट्याने हे पुन्हा पुन्हा करून पाहिलं. चढणं हा एकट्या पाण्याचा गुण नाही, पाणी आणि ज्याला धरून ते चढतं ते, अशी दोघांची ती गोष्ट आहे, हे त्याला त्या वातीने सांगितलं. मी समजावलं असतं तर इतकं पटलं नसतं.

रेघा पाहिल्यावर भाचीच्या लक्षात आलं की त्या वर वर दाटत गेल्या आहेत. पाणी आधी पळतं, मग रेंगाळतं. याला नियम आहे, आणि तो घरच्या पट्टीवरही बऱ्यापैकी दिसतो. पहिल्या मिनिटात जेवढी उंची गाठली तिच्या दुप्पट उंचीला दोन मिनिटं पुरत नाहीत, सुमारे चार लागतात. तिप्पट उंचीला नऊ. ओढ तीच असते, पण पाण्याला बारीक वाटांतून जावं लागतं आणि चढलेली वाट जितकी लांब तितकं घर्षण वाढत जातं. शंभरेक वर्षांपूर्वी, १९१८ आणि १९२१ साली, लुकास आणि वॉशबर्न या दोघांनी हे गणितात मांडलं. पाचवीतल्या मुलीला वर्गमूळ येत नाही, पण एक, चार, नऊ ही चाल तिने स्वतःच्या रेघांत पाहिली. शिवाय मी न सांगता तिने आणखी एक टिपलं: निळ्या शाईच्या पुढे थोडी बिनरंगी ओल धावत होती. शाईचे कण तंतूंना चिकटत मागे राहतात, पाणी पुढे जातं. काळ्या स्केचपेनाचा ठिपका कागदावर काढून खालून पाणी चढू दिलं तर त्याच कारणाने त्यातले रंग सुटे होतात.

तासाभराने सगळं थांबलं. मी त्याच धोतराची दुसरी पट्टी एका उंच, झाकणबंद प्लास्टिकच्या बाटलीत, तळाला शाईचं पाणी घालून, टांगून ठेवली होती. ती बाहेरच्या पट्टीपेक्षा बरीच वर ओली झाली होती. ओसरीवर वारा होता. पट्टीच्या अंगावरून पाणी उडत होतं, आणि खालून येणारं व वरून उडणारं यांची जिथे तोंडमिळवणी झाली तिथे ओल थांबली. बंद बाटलीत उडायला वावच नव्हता. म्हणजे थांबण्याची निदान दोन कारणं: एक पाण्याचं स्वतःचं वजन, दुसरं हवा. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी दुसरंच आधी आड येतं.

पहिलं कारण पाहायचं तर काच हवी. जुन्या फोटोफ्रेमच्या दोन काचा, कडांना चिकटपट्टी लावून (हे काम मोठ्यांनी करावं), एका बाजूला टेकवून दुसऱ्या बाजूला मध्ये काडेपेटीची काडी ठेवून रबराने बांधायच्या आणि रंगीत पाण्याच्या ताटात उभ्या करायच्या. फटीत पाणी चढतं, पण सरळ रेषेत नाही. काडीकडे फट रुंद, तिथे जेमतेम उचललेलं. काचा टेकतात तिथे उंच. मधे एक सुंदर वक्र रेषा. १७१२ साली इंग्लंडमध्ये ब्रूक टेलर आणि फ्रान्सिस हॉक्सबी यांनी हीच रेषा पाहून मोजली होती. पुढे १७१८ मध्ये जेम्स ज्युरिनने काचेच्या नळ्यांवरून नियम सांगितला: नळी जितकी बारीक तितकं पाणी उंच. १ मिलिमीटर पोकळीच्या स्वच्छ काचेच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढतं, ०.१ मिलिमीटरच्या नळीत सुमारे ३० सेंटिमीटर. काच पाण्याला आपल्याकडे ओढते, पाण्याचा पृष्ठभाग ताणलेला असल्याने कडेचं पाणी मधल्यालाही सोबत उचलतं, आणि उचललेल्या पाण्याचं वजन त्या ओढीइतकं झालं की चढण संपते. ही रेषा तीनशे वर्षं जुनी आहे आणि ती मुलाच्या ताटात तशीच उमटते, याचा मला प्रत्येक वेळी आनंद होतो.

स्वयंपाकघरातल्या सामानाने असलं काही करणं म्हणजे मुलांचा वेळ घालवणं, असं ज्यांना वाटतं त्यांना मी आग्नेस पोकल्सची गोष्ट सांगते. १८६२ साली जन्मलेली ही जर्मन बाई ब्राउनश्वाइगमध्ये आईवडिलांचं घर सांभाळायची. तिच्या तरुणपणी तिथल्या विद्यापीठांचे दरवाजे मुलींना बंद होते. धाकटा भाऊ भौतिकशास्त्र शिकत होता, त्याची पुस्तकं ती वाचायची. पाण्यावर तेलकटपणा आला की पृष्ठभागाचा ताण कसा बदलतो, हे मोजायला तिने एक उथळ पत्र्याचं पात्र आणि त्यावरून सरकणारी पट्टी असं साधन घरीच तयार केलं आणि सुमारे दहा वर्षं निरीक्षणं केली. जानेवारी १८९१ मध्ये तिने ती इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवली. त्यांनी पत्राचं मोल ओळखलं, भाषांतर करवून घेतलं आणि ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाकडे छापण्यासाठी पाठवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये ते प्रसिद्ध झालं. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी अर्विंग लँगम्युअरला १९३२ चं नोबेल मिळालं, त्यांच्या कामामागे तिचं ते पात्र आहे. मुलांनी वाटीतल्या पाण्यावर हळद भुरभुरवून मध्ये भांडी घासायच्या साबणाचा थेंब सोडला आणि हळद कडेला पळाली, तेव्हा ती तिच्याच वाटेवरची पहिली पायरी होती.

या साऱ्यात आबा खाटेवर बसून सुपारी कातरत होते. बाटल्यांचा प्रयोग सुरू झाल्यावर मात्र ते उठून जवळ आले. प्लास्टिकच्या बाटल्यांचे तळ कापले, तोंडाला फडकं बांधलं, त्या उलट्या करून एकीत बांधकामाची जाडी वाळू भरली, एकीत शेतातली काळी माती वाळवून चुरून, आणि तिसरीत काळी मातीच, पण मधोमध चार बोटं खडीचा थर. तिन्ही पाण्याच्या ताटात उभ्या केल्या. वाळूत पाणी बघता बघता चढलं आणि थोड्या उंचीवर कायमचं थांबलं. काळ्या मातीत इतकं सावकाश चढत होतं की धाकटा कंटाळून खेळायला गेला, पण दुसऱ्या दिवशी ते वाळूला मागे टाकून वर गेलेलं होतं आणि अजून चढतच होतं. बारीक कणांमधल्या बारीक वाटा: ओढ जास्त, वेग कमी. ज्युरिनचा आणि लुकास-वॉशबर्नचा असे दोन्ही नियम एका बाटलीत. खडीच्या बाटलीत ओल खडीपर्यंत आली आणि तिथेच अडली. वरची माती कोरडी ठाक.

आबांनी ती बाटली हातात घेऊन फिरवून पाहिली. म्हणाले, “कोळपणीच की ही.”

आमच्याकडची रब्बी ज्वारी पावसावर येत नाही. वर्षाचा पाऊस ५०० ते ६०० मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा वाटा पावसाळ्याच्या शेवटी पडतो. तो काळ्या रानात मुरतो आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी होते. पुढे चार महिने आभाळातून काही येईल याचा भरवसा नाही. पीक जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढतं. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ ही त्यासाठीच टिकून राहिली आहे, तिची मुळं ओलीच्या मागे खोल जातात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे, तेव्हा तिची चव आता बाहेरच्यांनाही ठाऊक झाली. पण ती चव ज्या ओलीतून येते, ती ओल चार महिने राखावी लागते. ही राखण बैलांच्या मागे कोळपं, म्हणजे पिकाच्या ओळींमधली वरची माती हलवणारं अवजार, धरून होते.

“ज्वारीला पाऊस कुठं लागतो?” आबा मुलांना सांगत होते. “तिला खालची वल पुरती. पन ती वल वर यायला बगती. वरनं तोंड झाकलं की कुठं जाती?”

भाचीने खडीच्या थरावर बोट ठेवलं. “म्हणजे हे झाकण?”

“तेच.”

कोळपणीने वरची दोन-तीन बोटं माती मोकळी, भुसभुशीत होते. मोठ्या पोकळ्या तयार होतात, खालच्या बारीक वाटा तिथे तुटतात, आणि वर चढणारी ओल उन्हापर्यंत पोचत नाही. शेतकी खात्याची शिफारस पेरणीपासून तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात कोळपण्या करण्याची असते. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ ही आमच्याकडची म्हण याच हिशेबाची. सगळं श्रेय केशवाटा तुटण्याला देऊ नये, हेही मुलांना सांगायला हवं. कोळप्याने तण मरतं, आणि तण हे ओलीचं सर्वांत मोठं चोर. शिवाय काळं रान वाळताना आक्रसतं आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेग म्हणजे जमिनीच्या पोटापर्यंत वाऱ्याला उघडलेली खिडकी. शेवटच्या कोळपणीला दातेरी कोळपं वापरतात, कारण तोवर रान टणक झालेलं असतं आणि त्या भेगा बुजवणं हेच मोठं काम असतं. तरीही ती खडीची बाटली पाहून आबांना जे ओळखू आलं ते खरंच होतं. पुस्तकात वाचलेलं रानात दिसतं तेव्हा मला बरं वाटतंच. रानात आयुष्य काढलेल्या माणसाला आपलं काम एका बाटलीत दिसलं, हे त्याहून मोठं वाटलं. दुसऱ्या दिवशी मुलं कोळपणीच्या रानात गेली ती बाटली हातात घेऊनच.

हेच चढणं जिथे आवरलं जात नाही, तिथे ते रान खातं. ते दाखवायला मिठाच्या पाण्यात एक पट्टी टांगली. दोन दिवसांनी, जिथे ओल थांबली होती नेमक्या त्या कडेला पांढरी खरबरीत रेघ उठली. धाकट्याने जीभ लावून पाहिली आणि तोंड वेडंवाकडं केलं. पाणी उडालं, मीठ मागे राहिलं; नवं पाणी आलं, नवं मीठ घेऊन आलं. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठी, शिरोळ तालुक्यात, बारामतीकडे नीरेच्या कालव्याखाली जे रान क्षारपड झालं त्याची मूळ गोष्ट या पट्टीत आहे. उसाला पाटाचं पाणी भरपूर दिलं, निचरा नव्हता, भूजल वर आलं. ते पृष्ठभागाच्या इतकं जवळ आलं की काळ्या मातीच्या बारीक वाटांनी ते उन्हापर्यंत पोचू लागलं आणि दर उन्हाळ्यात क्षार वर आणून टाकू लागलं. हे आजचं संकट नाही. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास केला होता. इतक्या लवकर कळलेली गोष्ट आपण रानात इतक्या उशिरा मनावर घेतली, याचं मला फार वाईट वाटतं. उपाय आहे: जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून पाणी काढून देणं आणि भूजलाची पातळी इतकी खाली ठेवणं की चढणारं पाणी उन्हाच्या आधी थांबेल. पुन्हा तोच प्रश्न, कुठे थांबतं. जमीन पिकेल की पांढरी पडेल हे त्या थांबण्याच्या जागेवर ठरतं. मिठाची पट्टी प्रत्येक उसाच्या गावातल्या शाळेत टांगावी असं मला मनापासून वाटतं. खर्च काहीच नाही.

मुलांचा पुढचा प्रश्न मी वाटच पाहत होते तो आला. मग नारळाच्या झाडाचं काय? त्याच्या शेंड्यात पाणी असतं, ते तिथवर कसं जातं? भाचीने आपल्या आकड्यांवरूनच शंका काढली होती. झाडांच्या खोडातल्या जलवाहिन्या बारीक असतात खऱ्या, पण बहुतेक ०.१ मिलिमीटरच्या आगेमागे. ज्युरिनच्या नियमाने पाणी त्यांत फूट-दीड फूट चढेल. नारळ २० मीटर उंच.

हा प्रश्न मोठमोठ्यांनी सोडवायला घेतला होता. कोलकात्यात जगदीशचंद्र बसूंना वाटत होतं की खोडातल्या जिवंत पेशी स्पंदन करत पाणी वर ढकलतात. १९२३ साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. पण त्याआधीच, १८९० च्या दशकात, जर्मनीत एडुआर्ड स्ट्रासबुर्गर यांनी तोडलेली उंच झाडं विषारी द्रावणात उभी केली होती, आणि पेशी मेल्यावरही द्रव वर चढत राहिला होता. बसूंचं वनस्पतींवरचं प्रेम आणि त्यांची नाजूक यंत्रं यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे, पण या बाबतीत झाडाने त्यांची साथ दिली नाही. उत्तर डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये दिलं: पाणी खालून ढकललं जात नाही, पान ते वरून ओढतं. पानातून पाणी उडतं, पानाच्या पेशींच्या भिंतींमधल्या अतिसूक्ष्म फटींत पाण्याचा पृष्ठभाग मागे खेचला जातो, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना इतकं घट्ट धरून असतात की शेंड्यापासून मुळापर्यंतचा अख्खा धागा वर ओढला जातो. समईची वात जशी टोकाला जळत राहते म्हणून तेल खालून येत राहतं, तसंच.

निशिगंधाच्या दोन काड्या शाईच्या पाण्यात ठेवा, एक मोकळ्या वाऱ्यात आणि एक प्लास्टिकच्या पिशवीत झाकून. वाऱ्यातल्या फुलांच्या पाकळ्यांत निळ्या शिरा आधी दिसतील. ओसरीवरच्या पट्टीचं चढणं ज्या वाऱ्याने रोखलं, तोच वारा इथे पाणी चढवतो. भाचीला हे उलटं वाटून ती बराच वेळ गप्प होती.

आणि यालाही सीमा आहे. कॅलिफोर्नियाच्या रेडवूड अरण्यातलं सर्वांत उंच झाड सुमारे ११६ मीटर आहे. २००४ मध्ये काही शास्त्रज्ञांनी त्या झाडांवर चढून शेंड्याची पानं मोजली आणि अंदाज बांधला की झाड १२२ ते १३० मीटरच्या पुढे वाढू शकत नसावं. उंच जावं तसा पाण्याच्या धाग्यावरचा ताण वाढत जातो. शेंड्याची पानं तळच्या पानांपेक्षा लहान, जाड, डहाळीला चिकटलेली असतात, कारण पान उलगडून पसरायला लागणारा पाण्याचा जोर तिथे कमी पडतो.

हे ऐकल्यावर भाचीने धाकट्याला दारातल्या कडुलिंबावर चढवलं. शेंड्याची पानं आणि बुडाची पानं ओसरीवर ओळीने मांडून पट्टीने मोजली. शेंड्याची लहान निघाली. मी म्हटलं, पण शेंड्याला ऊनही जास्त लागतं. पान लहान उंचीमुळे झालं की उन्हामुळे, हे कसं ओळखायचं? तिने थोडा विचार केला. तिचं म्हणणं पडलं, की आधी एकाच उंचीवरची उन्हातली आणि सावलीतली पानं तोडून मोजू, त्याशिवाय पुढे जाता येणार नाही. धाकटा पुन्हा झाडावर चढला.